बिनतारी छायाचित्रें : सोय किती, मोल किती?

परीक्षेचा निकाल चांगला लागला, किंवा घरांत एखादें लग्नकार्य निघालें, म्हणजे कॅमेरा घेण्याचा विषय हमखास निघतो. दुकानदार कॅमेऱ्याच्या गुणांची जी यादी वाचून दाखवितो, तींत 'ह्यांत वायफाय आहे, फोटो तारेवांचून मोबाइलवर येतात' हें वाक्य ठळकपणें असतें. तें ऐकून मुलगा हरखतो, आणि बापाचा हात खिशाकडे जावा कीं न जावा अशा विचारांत घोटाळतो. ह्या बिनतारी सोयीकरितां चार पैसे अधिक मोजावे काय, असें कांहीं पालक आम्हांस विचारतात. आमचें मत आरंभींच सांगावयाचें तर, ही सोय निरोप धाडण्याच्या कामाची आहे, ठेव जपण्याच्या कामाची नाहीं. परंतु नुसतें मत सांगून भागणार नाहीं. छायाचित्र कॅमेऱ्यांतून बाहेर पडतें कसें, कोठवर जातें आणि वाटेंत त्याचें काय होतें, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं समजून घेतलें पाहिजे. कारण जो घोटाळा होतो तो बहुधा वाटेंतच होतो.

'बिनतारी' हा शब्द आपल्याकडे नवा नाहीं. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बसु यांनीं तारेचा कांहीं संबंध नसतां दूरची घंटा वाजवून दाखविली होती, आणि ज्या लहरींवर त्यांनीं प्रयोग केले त्यांतील कांहीं तर अवघ्या पांच मिलिमीटर लांबीच्या होत्या. पुढें १९२७ सालीं पुण्याजवळ खडकी येथें बिनतारी संदेश धाडण्याचें व दौंड येथें ते घेण्याचें केंद्र सुरू झालें, आणि हिंदुस्थानाचा विलायतेशीं हवेंतून सरळ व्यवहार होऊं लागला. छायाचित्रानेंही तोंवर असा प्रवास केला होता. १९२४ सालीं लंडनहून न्यूयॉर्कला एक छायाचित्र बिनतारी यंत्रानें पोंचलें होतें. १९३५ च्या पहिल्या जानेवारीपासून अमेरिकेंतील असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेनें टेलिफोनच्या तारांवरून वर्तमानपत्रांना छायाचित्रें पुरविण्यास आरंभ केला. आपल्या तालुक्यांतील बातमीदाराला मात्र ह्या नवलाचा फारसा उपयोग नव्हता. फिल्म पाकिटांत घालून एस. टी. च्या ड्रायव्हराच्या हवालीं करावी आणि पुण्याच्या स्थानकावर कोणीतरी ती उतरून घ्यावी, हीच पुष्कळ वर्षें रीत होती. फिल्म धुवून, चित्र छापून, ठसा तयार होऊन अंक बाहेर पडेपर्यंत बातमी शिळी झालेली असे.

हें सारें बदललें तें छायाचित्राचे आंकडे झाल्यामुळें. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण इंजिनिअरानें डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना जुळविला. त्याच्या चित्रांत शंभर आडव्या ओळी व प्रत्येक ओळींत शंभर बिंदु, म्हणजे अवघे १०,००० बिंदु होते, आणि तें चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज विद्यार्थ्याच्या हातीं येणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचें चित्रही बहुधा २ कोटी ४० लक्ष बिंदूंचें असतें. प्रत्येक बिंदूचा रंग व तेज आंकड्यांनीं लिहिलेलें असतें. आणि एकदां चित्राचे आंकडे झाले म्हणजे तें तारेवरून अथवा हवेंतून कोठेंही धाडतां येतें. मात्र हे आंकडे थोडेथोडके नाहींत. नेहमींच्या जेपेग रीतीनें दाबून लहान केलेलें असें एक चित्र सुमारे १० मेगाबाइट भरतें. 'रॉ', म्हणजे कच्च्या रूपांत ठेविलें तर २५ किंवा त्याहूनही अधिक. पुढचा बहुतेक हिशेब ह्या आंकड्यावर आहे, म्हणून तो लक्षांत ठेवावा.

कॅमेऱ्यांत दोन प्रकारचीं बिनतारी यंत्रें असतात. एक ब्लूटूथ. तें फार थोड्या विजेवर चालतें, आणि मोबाइलशीं एकदां ओळख करून दिली कीं तिला जागतें; पण त्याचा वेग बेताचा. दुसरें वायफाय, तें वेगवान, पण वीज खाणारें. दोन्ही सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरतात. कांहीं नव्या कॅमेऱ्यांचें वायफाय त्याच्या निम्म्याहूनही आंखूड लहरींवर चालूं शकतें. पूर्वीं घरांत नुसता ऐकण्याचा रेडिओ ठेवावयाचा तरी पोस्टांत परवान्याचे पैसे भरावे लागत. आजोबांस विचारल्यास ते सांगतील. साडेबारा सेंटिमीटरांच्या ह्या पट्ट्याला भारत सरकारनें २००५ सालीं परवान्याच्या अटींतून मोकळें केलें, म्हणून आज आपण कोणाला न विचारतां त्या लहरी वापरतों.

वायफाय म्हटलें कीं इंटरनेट, असा पुष्कळांचा समज आहे; तो बरोबर नाहीं. कॅमेरा स्वतःच एक लहानसें जाळें उभारतो आणि मोबाइल त्यांत सामील होतो. ह्या व्यवहाराला मनोरा लागत नाहीं कीं महिन्याचा रिचार्ज लागत नाहीं. कासच्या पठाराची गणना २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशांत झाली. तेथें भाद्रपदांत फुलें पाहावयास गेलेल्या मुलाच्या मोबाइलला रेंज मिळाली नाहीं, तरी कॅमेऱ्यांतलें चित्र मोबाइलवर खुशाल येतें. तें तेथून घरीं आईकडे मात्र जात नाहीं.

म्हणजे हा प्रवास दोन टप्प्यांचा आहे. मेणवलीहून वाईस माणूस पायींही येईल. परंतु वाईहून पुण्यास जाणारी गाडी त्याला मिळेलच असें नाहीं. कॅमेऱ्यापासून मोबाइलपर्यंतचा टप्पा मेणवली ते वाई असा समजा. तेवढ्याची हमी कॅमेरा देतो. मोबाइलपासून पुढचा टप्पा वाई ते पुणें; तेथें कॅमेरा कितीही महाग असला तरी त्याचें कांहीं चालत नाहीं. दुकानदार पैसे घेतो ते पहिल्या टप्प्याचे, आणि घेणारा आशा धरतो ती दोन्ही टप्प्यांची.

बावधनचें बगाड हें ह्याचें उत्तम उदाहरण होय. फाल्गुन वद्य पंचमीस, म्हणजे रंगपंचमीच्या दिवशीं, कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून तो अवजड लांकडी गाडा निघतो. उंच शिडाला बगाड्या टांगलेला, पुढें बैलांच्या जोड्या, आणि सभोंवार पाहावें तिकडे माणसेंच माणसें. तेथें उभ्या असलेल्या बातमीदाराला आपल्या तीनशें चित्रांपैकीं दोनच हवीं असतात, पण तीं आतांच्या आतां हवीं असतात. त्यानें कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर दोन चित्रें निवडावीं, मोबाइलवर घ्यावीं व कार्यालयाकडे धाडावीं. सारें जुळून आलें तर गाडा गांवांत पोंचण्यापूर्वीं चित्र पुण्यांत पोंचलेलें असतें. ज्या कामाला पूर्वीं एस. टी. ची गाडी आणि उद्यांचा दिवस लागे, तें आज उभ्या उभ्या होतें. ह्या सोयीला चैन म्हणणें अन्यायाचें होईल.

परंतु त्याच गर्दींत ती सोय अडतेही. माणसाच्या शरीरांत पाण्याचा अंश मोठा, आणि पाणी ह्या लहरी शोषून घेतें. कॅमेरा गळ्यांत व मोबाइल मागच्या खिशांत ठेवून दाटींत उभें राहिलें, तर छायाचित्रकाराचें स्वतःचेंच शरीर आड येतें आणि वेग पडतो. आपल्या गांवांतील जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतीही असाच अडथळा करतात. माजघरांतला कॅमेरा ओसरीवरच्या मोबाइलशीं बोलूं लागला तर नशीब समजावें. हें झालें पहिल्या टप्प्याचें. यात्रेंत हजारों मोबाइल एकाच मनोऱ्याशीं एकदम बोलूं पाहतात, तेव्हां दुसऱ्या टप्प्यावर वाई–पुणें गाडी खचाखच भरून गेलेली असते. मग चित्र धाडण्याकरितां गर्दीपासून दूर, दुसऱ्या मनोऱ्याच्या आसऱ्यास जाण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

दोन चित्रांची गोष्ट झाली. आतां सगळींच चित्रें घ्यावयाचीं असें धरूं. स्नेहसंमेलनांत ३०० चित्रें काढलीं. प्रत्येकीं १० मेगाबाइट, म्हणजे एकूण ३,००० मेगाबाइट. जाहिरातींत कांहींही लिहिलेलें असो, साध्या कॅमेऱ्याचें वायफाय प्रत्यक्षांत सेकंदाला दोनेक मेगाबाइट देतें. ३,००० भागिले २ म्हणजे १,५०० सेकंद, अर्थात् पंचवीस मिनिटें. तेवढा वेळ कॅमेरा चालू ठेवावयाचा, त्याची लहानशी बॅटरी आटत असलेली पाहावयाची, आणि मध्यें कोणाचा फोन आला अथवा मोबाइलचा पडदा झोपला तर धागा तुटून पुन्हां पहिल्यापासून जुळवाजुळव करावयाची. चित्रें कच्च्या रूपांत असतील तर हेंच काम तासाभरांतही आटोपत नाहीं. ब्लूटूथचें तर नांवच नको: सेकंदाला एक दशांश मेगाबाइट धरलें तरी एका चित्राला १०० सेकंद, आणि तीनशें चित्रांना ३०,००० सेकंद, म्हणजे आठ तासांहून अधिक. उलट कार्ड बाहेर काढून, कार्ड रीडरमध्यें घालून संगणकाला जोडलें, तर बऱ्या कार्डावरून सेकंदाला ८० मेगाबाइटपर्यंत मिळतात. तींच ३०० चित्रें चाळीस सेकंदांच्या आंत उतरतात. हें उदाहरण गणिताच्या तासाला घालावें असें आम्हीं आमच्या गणितशिक्षकांस सुचविलें आहे.

वेगाच्या ह्या अडचणीवर कंपन्यांनीं एक युक्ति काढली, आणि आमच्या मतें खरा धोका त्या युक्तींतच आहे. मूळ चित्र धाडण्यास वेळ लागतो ना, मग त्याची लहान प्रत धाडावी! निकॉन कंपनीनें २०१६ सालीं स्नॅपब्रिज नांवाची योजना आणली. तींत चित्र काढतांच त्याची सुमारे २० लक्ष बिंदूंची प्रत ब्लूटूथवरून आपोआप मोबाइलवर जाऊं लागली. मूळ चित्र २ कोटी ४० लक्षांचें असेल तर ह्याचा अर्थ, बारा बिंदूंपैकीं एक गेला आणि अकरा मागें राहिले. ह्यांत फसवणूक कांहीं नाहीं. हवें तें चित्र पूर्ण आकारांत मागवितांही येतें. पण तें मागवावें लागतें, आणि लहान प्रत मात्र न मागतां येते. मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर ती इतकी लखलखीत दिसते कीं आणखी कांहीं मागवावयाचें आहे हें कोणाच्या ध्यानींमनींही येत नाहीं. पुढें व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें धाडली म्हणजे ती आणखी दाबली जाते. (डॉक्युमेंट म्हणून धाडल्यास आहे तशी जाते, हें थोड्यांस ठाऊक असतें.)

ह्या वार्षिकाच्या संपादनाचें काम करतांना आम्हांस ह्याचा वारंवार अनुभव येतो. चांगल्या छपाईला दर इंचास ३०० बिंदु हवेत. मूळ चित्रांत लांबीला ६,००० बिंदु असतात, म्हणजे तें वीस इंचांपर्यंत निर्धास्तपणें छापतां येतें. लहान प्रतींत सुमारे १,६००, म्हणजे ती साडेपांच इंचांपलीकडे जात नाहीं. वर्गाचें सामुदायिक चित्र अशा प्रतीवरून पूर्ण पानावर घेतलें, कीं पुढें बसलेल्या गुरुजनांचे चेहरे कसेबसे निभावतात, आणि मागच्या रांगेंतील मुलें नुसते ठिपके होऊन जातात. मागच्या रांगेंत उभ्या असलेल्या मुलाची आईही अंक उघडून प्रथम तेंच पान पाहत असते. म्हणून आम्ही मूळ चित्र मागतों. आणि 'फोटो तर केव्हांच पाठविला कीं!' असें उत्तर येतें.

वार्षिक दर वर्षीं निघतें. एका वर्षीं एक चित्र बिघडलें तर पुढच्या वर्षीं दुसरें काढतां येईल. घरांतील सर्वच गोष्टींचें तसें नसतें. एखाद्या सकाळीं ओसरीवर ऊन खात बसलेल्या आजोबांचें चित्र नातू काढतो. तें लगेच मोबाइलवर येतें, सर्व नातलगांकडे जातें, सर्वांस आवडतें. मोबाइलवर आलें म्हणजे चित्र घरीं आलें, अशा समजुतीनें कार्ड पुसलें जातें, आणि त्यावर गणपतीचीं, सहलीचीं, वाढदिवसांचीं नवीं चित्रें बसतात. दोन वर्षांनीं आजोबा जातात. भिंतीवर लावण्यासाठीं १२ बाय १८ इंचांची तसबीर करावयाची ठरते, आणि तेंच चित्र सर्वांना आठवतें. स्टुडिओवाला मूळ फाइल मागतो. हातीं असते ती लहान प्रत; अठरा इंचांवर पसरली म्हणजे दर इंचाला तिचे जेमतेम ९० बिंदु पडतात, आणि डोळ्यांभोंवतालच्या ज्या सुरकुत्यांसाठीं तें चित्र हवें होतें त्याच विरघळून गेलेल्या दिसतात. मूळ चित्राचे त्याच आकाराला दर इंचास ३३३ बिंदु पडले असते. फिल्मच्या काळीं निदान निगेटिव्ह पाकिटांत घालून कपाटाच्या तळाशीं पडून तरी राहत असे. आळसानेंच का होईना, पण ठेव टिके. आतां कार्ड पुन्हां पुन्हां वापरावयाचें असल्यामुळें आळसाचा तेवढाही आधार उरलेला नाहीं.

बिनतारी सोयीचें आणखी एक परावलंबन आहे. वायफायचे छोटे कॅमेरे कोडॅक व निकॉन ह्या कंपन्यांनीं २००५ सालींच आणले होते. परंतु लोकांना ही गोडी विशेष लावली ती २००७ मध्यें निघालेल्या आय-फाय नांवाच्या कार्डानें. दिसावयास तें साधें मेमरी कार्ड; पण पोटांत वायफायचें यंत्र, त्यामुळें कोणताही जुना कॅमेरा बिनतारी होई. मोठी हुशारीची वस्तु होती ती. पण तिचें काम कंपनीच्या दूरच्या संगणकांशीं जोडलेलें होतें, आणि २०१६ सालच्या सप्टेंबरांत जुन्या कार्डांसाठीं चालविलेली ती सेवा बंद करण्यांत आली. कार्डें फुटलीं नव्हतीं कीं झिजलीं नव्हतीं. ज्याच्याशीं बोलावयाचें तोच गप्प झाला. आजच्या कॅमेऱ्यांत यंत्र अंगचेंच असतें, तरी मोबाइलवर कंपनीचें ॲप हवेंच असतें. मोबाइल बदलला, त्याची प्रणाली नवी झाली, आणि कंपनीनें जुन्या कॅमेऱ्याकरितां ॲप सुधारण्याचें सोडून दिलें, तर धडधाकट कॅमेऱ्याची ही एक वाट बुजते. कार्ड बाहेर काढण्याची वाट तेवढी राहते.

तेव्हां अधिक पैसे मोजावे काय? निव्वळ ह्या सोयीकरितां मोजूं नयेत, असें आम्ही सांगूं. हल्लींच्या बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत ती असतेच. म्हणून चांगलें भिंग आणि हातांत नीट बसणारी ठेवण पाहून कॅमेरा निवडावा, वायफाय त्याबरोबर आपसूक येईल. घरांत जुना, बिनवायफायचा पण उत्तम चालणारा कॅमेरा असेल, तर केवळ तेवढ्यासाठीं तो टाकून देणें हा शुद्ध अपव्यय होय. कांहीं शेंकड्यांत मिळणारा कार्ड रीडर बहुतेक मोबाइललाही जोडतां येतो, आणि तो वायफायपेक्षां वेगानें काम करतो. बातमीदारी करणारा, किंवा लग्नांत मंडप उठण्यापूर्वीं चार चित्रें यजमानांस द्यावीं लागणारा धंद्याचा माणूस ह्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ही सोय दर दिवशीं कमाई करून देते, आणि त्यांनीं तिचे पैसे अवश्य मोजावे. शिवाय असे लोक दोन कार्डें एकाच वेळीं बसणारा कॅमेरा बाळगतात, म्हणून धाडलेलें चित्र आणि ठेवलेलें चित्र ह्यांत त्यांची गफलत सहसा होत नाहीं.

विद्यार्थ्यानें काय करावें? सहलींत दोन-चार चित्रें खुशाल बिनतारी घ्यावीं व घरीं धाडावीं. आई वाट पाहत असते. घरीं आल्यावर कार्ड काढून सगळीं चित्रें मूळ आकारांत संगणकावर उतरावीं, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, दोन्ही ठिकाणीं एक-दोन चित्रें उघडून, मोठीं करून पाहावीं, आणि मगच कार्ड पुसावें. पालकांनीं कॅमेरा घेतांना दुकानांतच एक परीक्षा करावी. आपलाच मोबाइल पुढें करून विक्रेत्याला एक चित्र काढण्यास सांगावें, आणि तें पूर्ण आकारांत आपल्या मोबाइलवर आणून दाखविण्यास सांगून घड्याळाकडे पाहावें. मग मोबाइलवर आलेल्या चित्राची माहिती उघडून बिंदूंची संख्या वाचावी. ती कॅमेऱ्याच्या खोक्यावर लिहिलेल्या संख्येशीं जुळते कीं नाहीं, तें तेथेंच कळेल. कार्ड रीडरही त्याच दुकानांत मिळतो.